क्लीनर साइड : केळीच्या ट्रकवरच्या एका चालकाची वैद्यकीय तपासणी

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.)

मे महिना, दुपारचे दोन. यावल-रावेर पट्ट्यात या दिवसांत पारा ४५ ला टेकलेला असतो. अशा वेळी दवाखान्यात येतो तो एकतर ऊन लागलेला, नाहीतर घाईतला. हे गृहस्थ घाईतले होते. सावद्याला गाडी भरायला लावून मोटरसायकलवर आले होते. हिरवा माल गाडीत चढला की वाट पाहत नाही. उत्तरेकडच्या मंडीत पोचायला सहा तास उशीर झाला तर व्यापारी भाडं कापतो. "डॉक्टरसाहेब, फक्त सही मारा. एजंटनं बाकी सगळं भरलंय."

एजंटने खरंच सगळं भरलं होतं. माझ्या रकान्यांतली उत्तरंसुद्धा.

वय ४७. अवजड वाहन २२ वर्षं. बऱ्हाणपूरमार्गे वर जाणारी केळीची गाडी, महिन्याला चार-पाच फेऱ्या. तंबाखू आहे, दारू "कधीमधी". मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी नाही. लायसन्सची मुदत संपायला वीस दिवस राहिलेले.

हा कागद म्हणजे फॉर्म १-अ, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला वैद्यकीय दाखला. परिवहन वाहनाचं लायसन्स असेल किंवा वय ४० च्या पुढे असेल तर तो लागतो. फिट्स येतात का, भोवळ येते का हे चालक फॉर्म १ मध्ये स्वतःच लिहून देतो. डॉक्टरला विचारलेलं मोजकं आहे: नजरेत दोष आहे का, तो चष्म्याने जातो का, रंग ओळखता येतात का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट ओळखता येते का, नेहमीचे आवाजाचे इशारे ऐकू येतात का, रातांधळेपणा आहे का, हातापायात व्यंग आहे का. खाली डॉक्टर लिहून देतो की दूरची नजर, कान, हात, पाय आणि सांधे यांच्याकडे मी विशेष लक्ष दिलं आहे.

एजंटचा कागद बाजूला ठेवून कोरा घेतला. गृहस्थ वैतागले, पण बसले.

जे सगळं बरोबर निघालं

रक्तदाब आल्या आल्या १५०/९४. उन्हातून आलेल्या, घाईतल्या माणसाचा तेवढा यायचाच. पाच मिनिटं पंख्याखाली पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पुन्हा घेतला तर १३६/८६. साखर ठीक. मानेचा घेर मोजतो मी, कारण जाड मानेचे घोरणारे चालक दिवसा चाकावर डुलक्या घेतात. इथे तसं काही नव्हतं. उकिडवं बसून हात न टेकता उठले. पकड मजबूत, क्लचच्या पायात जोर बरोबर. दोन्ही कानांना कुजबुज ऐकू आली. रंगांधळेपणा तपासायच्या इशिहाराच्या चकत्या भराभर वाचल्या. रंगाच्या बाबतीत नियमही आता पूर्वीइतका कडक नाही. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्स देता यावं म्हणून जून २०२० मध्ये हे फॉर्म बदलले गेले.

तक्त्यावर (६/६ म्हणजे पूर्ण नजर) उजवा डोळा ६/९, डावा ६/१२. जवळचं वाचायला चष्मा होता, जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा शिबिरात मिळालेला. दवाखान्यासमोर रस्त्यापलीकडे एक जीप उभी असते, अंतर २५ मीटरपेक्षा थोडं जास्तच भरेल. तिचा नंबर त्यांनी दारातून खाडखाड वाचून दाखवला. "मले तं पुढच्या जीपचाबी दिसते. अजून काय पाह्यजे?"

फॉर्मपुरतं काहीच नको होतं. पेन हातात होतं.

एक सवयीचा प्रश्न

चालकांना मी शेवटी एक प्रश्न विचारतो: वर्षभरात गाडीला कुठे काही लागलं का? "अपघात झाला का" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "काही लागलं का" म्हटलं की माणूस मालकाची तक्रार सांगायला लागतो. तसंच झालं. मालकाने दोनदा आरशाचे पैसे पगारातून कापले होते, त्याचा राग होता.

"कुठल्या बाजूचा आरसा?"

"क्लीनर साइडचा."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. अन् एकदा एक मोटरसायकलवाला घासला. तोबी तिकडूनच घुसला. आजकालचे पोरं कुठूनबी घुसतात."

"क्लीनर काय करत होता?"

क्लीनर आठ महिन्यांपासून नव्हता. भाड्यात दोन माणसांचा खर्च निघत नाही म्हणून मालकाने त्याला काढला होता. आरसे फुटले ते त्यानंतर.

ट्रकवर न बसलेल्यांसाठी सांगायला हवं. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. डावीकडचं रुंद अंग, त्याखालची सायकल, नाल्याचा काठ हे सगळं आरशातून, नाहीतर क्लीनरच्या तोंडून कळतं. खिडकीतून अर्धा बाहेर लटकून "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" म्हणणारा पोरगा हा गाडीचाच एक अवयव असतो. तो गेला की चालकाच्या स्वतःच्या नजरेला डावी बाजू पहिल्यांदाच एकटीने सांभाळावी लागते.

पेन खाली ठेवून

मी त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसलो, मध्ये हातभर अंतर. या तपासणीला यंत्र लागत नाही. रुग्णाने एक डोळा झाकायचा, डॉक्टरने समोरचा झाकायचा, रुग्णाने डॉक्टरच्या डोळ्यातच बघत राहायचं. डॉक्टर बाजूने बोटं आत आणतो. डॉक्टरला दिसलेली बोटं रुग्णालाही त्याच सुमारास दिसायला हवीत. शंभर वर्षांपूर्वीही अशीच करत.

त्यांनी उजवा डोळा झाकला. मी चारही कोपऱ्यांतून बोटं आणली. बोटं जवळजवळ माझ्या गालाला लागेपर्यंत ते "दिसलं" म्हणेनात. मला वाटलं, समजलं नसेल. पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. मग विचारलं, माझ्याकडे बघताना काय काय दिसतंय?

ते थोडा वेळ बघत राहिले. "तोंड दिसते. खांदे नाई दिसत."

उजव्या डोळ्याने बरंच दिसत होतं, पण नाकाकडची, म्हणजे डावीकडची बाजू वरच्या अर्ध्यात रिकामी होती. अंधार करून टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेली. डाव्या बाहुलीवर उजेड आला की ती आकसायच्या ऐवजी पसरत होती. म्हणजे त्या डोळ्याची नस मेंदूला उजेडाची खबरच अपुरी देत होती. डोळ्याच्या आत बघायच्या ऑफ्थॅल्मोस्कोपमध्ये डाव्या नसेचं तोंड पांढुरकं दिसलं आणि मधला खळगा जवळपास काठापर्यंत पोचलेला.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू मरते आणि नजर कडेकडून खात खात आत येते. मधला भाग शेवटपर्यंत टिकतो, आणि नंबर प्लेट वाचायला मधलाच भाग लागतो. ६/१२ वाचणारा डोळा नळकांड्यातून बघत असू शकतो. काळं काही दिसत नाही. गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या रस्त्याने, आभाळाने भरून काढतो. म्हणून माणूस तक्रार करत नाही. तो म्हणतो, पोरं कुठूनबी घुसतात.

यांच्या बाबतीत दोन डोळ्यांचं नुकसान नेमकं एकमेकांवर पडलं होतं. डावीकडचं दृश्य दोन डोळे मिळून बघतात: डाव्याची कानाकडची बाजू आणि उजव्याची नाकाकडची. काचबिंदूत नाकाकडची बाजू आधी जाते, ती उजव्या डोळ्यात गेली होती. डाव्या डोळ्यात रोग इतका पुढे गेलेला की कानाकडचीही गेली होती. राहिली होती ती गाडीची उजवी बाजू, रस्त्याचा मधला पट्टा आणि पुढच्या वाहनाची नंबर प्लेट.

४७ व्या वर्षी इतका पुढे गेलेला काचबिंदू का? घरात कुणाला नाही. मी डोळ्यांत घालायच्या औषधाचं विचारलं. शर्टाच्या खिशातून बाटली निघाली, अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेले थेंब. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. "डोळे जळजळतात ना उन्हात. एक थेंब टाकला की थंड." किती वर्षं? "लय वर्षं. उन्हाळाभर तं रोजच." चिठ्ठी पहिल्यांदा कुणी दिली ते त्यांना आठवत नव्हतं. नंतर रिकामी बाटली दाखवली की मेडिकलवाला भरलेली देत होता. खान्देशातला फुफाटा आणि केबिनमधली गरम हवा, यात चालकांचे डोळे लाल असतातच, आणि ही बाटली मी त्यानंतर अनेक डॅशबोर्डांवर पाहिली आहे. स्टेरॉइडचे थेंब आठवडेच्या आठवडे चालले तर साधारण तिघांतल्या एकाचा डोळ्यातला दाब थोडाफार चढतो, आणि थोड्या लोकांचा फारच चढतो. दुखत नाही. लाली तर उलट जाते, म्हणून थेंब चांगले वाटतात.

नोंदवही

मी सही करणार नाही असं सांगितलं. ते उठले. "दुसरीकडं दोन मिनिटांत होते." मी म्हटलं, होईल, मी अडवू शकत नाही, पण भाऊ, फॉर्म कुणीही भरला तरी डावीकडचं दिसायला लागणार नाही, आणि हे थेंब चालू राहिले तर उजवीकडचंही जाईल. जळगावच्या नेत्रतज्ज्ञासाठी चिठ्ठी दिली, ती त्यांनी घडी करून खिशात घातली. ज्या मोटरसायकलवर आले तिच्यावरूनच गेले. कंपाउंडरला सोडायला पाठवतो म्हटलं, ऐकलं नाही.

दिलेल्या दाखल्यांची नोंदवही डॉक्टरने ठेवली पाहिजे असं वैद्यकीय आचारसंहितेत, २००२ च्या नियमांत, आहे. संध्याकाळी सहज जुनी वही काढली. पाच वर्षांपूर्वीचं नाव सापडलं. दोन्ही डोळे ६/६, रंग बरोबर, कान बरोबर, फिट. खाली माझीच सही. थेंबांबद्दल तेव्हा विचारलं नव्हतं. त्या पानावर त्या दिवशी आणखी अकरा दाखले आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीआधी परिवहन लायसन्स तीन वर्षांनी नवं करावं लागे. आता पाच वर्षांनी. एजंटकडच्या खेपा कमी झाल्या म्हणून चालक खूश आहेत आणि ते बरोबरही आहे. पण चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे साखर, रक्तदाब आणि काचबिंदू डोकं वर काढतात त्या वयात, डॉक्टरपुढे बसायची एक खेप त्यात गळली. ती खेप नीट वापरली जात होती का, हे माझ्या वहीकडे बघून मीच काय सांगणार.

"लेफ्ट बोल"

तिसऱ्या दिवशी ते परत आले. बरोबर पंचविशीतला एक पोरगा होता, जुना क्लीनर. आता गॅरेजात काम करतो. गृहस्थ गप्प, तोच बोलला. माझ्याकडून निघाल्यावर उस्ताद, म्हणजे हे गृहस्थ, सरळ त्याच्याकडे गेले होते आणि त्यांनी एकच विचारलं होतं: मी कधीपासून असं करतोय?

पोरगा म्हणाला, दोन वर्षं तरी झाली असतील. पूर्वी उस्ताद फक्त गल्लीत, पेट्रोल पंपावर, गाडी मागे घेताना विचारायचे. मग मोकळ्या रोडवरही "लेफ्ट बोल, लेफ्ट बोल" सुरू झालं. रात्री तर सारखंच. पोराला वाटलं, वय झालं, काळजी वाढली. तो बोलत राहिला. डुलकी लागली की उस्ताद चिडायचे, एकदा कानाखालीही दिली होती.

चालक-क्लीनर यांच्यातल्या या बोलण्यात रोगाचा काळ इतका अचूक नोंदला गेला होता की कुठल्याही तपासणीत तो मिळाला नसता. मी ते जसंच्या तसं चिठ्ठीत लिहून नेत्रतज्ज्ञांना कळवलं.

जळगावला दाब निघाला डावा ३८, उजवा २९ मिलिमीटर पारा. साधारण २१ पर्यंत चालतो. संगणकावरच्या दृष्टिक्षेत्र तपासणीत डाव्या डोळ्याचा मधला सुमारे १० अंशांचा भाग शिल्लक, उजव्यात नाकाकडे कमानीसारखा पट्टा गेलेला. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेल्या एस्टरमन तपासणीतही डावी बाजू मोठ्या प्रमाणात रिकामी.

फिट की अनफिट

आता प्रश्न माझा होता. फॉर्म १-अ मध्ये नजरेच्या रुंदीचा रकाना नाही. त्यातलं एक एक वाक्य धरून बसलं तर माणूस पास होत होता. इतर देश इथे आकडा देतात. अमेरिकेत व्यावसायिक चालकाच्या प्रत्येक डोळ्याच्या नजरेचं आडवं क्षेत्र साधारणपणे किमान ७० अंश लागतं. ब्रिटनमध्ये अवजड वाहनासाठी दोन्ही डोळ्यांचं मिळून सलग १६० अंश, डावी-उजवीकडे प्रत्येकी किमान ७०, आणि मधल्या ३० अंशांच्या घेऱ्यात नजर गेलेली एकही जागा चालत नाही. ते आकडे इथे कायदा नाहीत. पण आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ८ मध्ये जे आहे ते पुरेसं आहे: ज्या आजाराने वा अपंगत्वाने गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, त्याला लायसन्स नाकारायचं, आणि कलम १५ तेच नूतनीकरणालाही लावतं. डाव्या बाजूला काय आहे हे न दिसणारा माणूस दहा चाकी घेऊन सावद्याच्या बाजारातून निघाला तर धोका कुणाला, हे ठरवायला अंश लागत नाहीत. मी अनफिट लिहिलं.

हे लिहायला मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. घरात कमावणारे तेच. थोरला मुलगा आयटीआयला. गृहस्थ दोनदा म्हणाले, रात्री नाही चालवणार, फक्त दिवसा. मग म्हणाले, फक्त हायवे, गावात नाही. तिसऱ्यांदा काही म्हणाले नाहीत.

मालकाला कळवायचं का, हाही एक पेच होता. रुग्णाची गोष्ट बाहेर सांगू नये हा नियम. पण एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि नेमका धोका असेल तर सांगता येतं, असा अपवादही त्याच २००२ च्या नियमांत आहे. अपवादापर्यंत जावं लागलं नाही. त्यांच्या संमतीने एवढंच लिहून दिलं की हे अवजड वाहन चालवण्यास अपात्र आहेत. रोगाचं नाव नाही.

मालकाने, त्याच्या परीने चांगुलपणाने, एक तोड काढली. दुसरा चालक ठेवतो, यांना क्लीनर म्हणून बसवतो. रस्त्याचा अनुभव आहे, पगार थोडा कमी. सगळ्यांना पटलं होतं. मलाच सांगावं लागलं की या माणसाला बसवता न येणारी गाडीतली दुसरी जागा तीच आहे. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गृहस्थच हसले.

पुढे

स्टेरॉइड त्याच दिवशी बंद. जळजळीसाठी साधे, औषध नसलेले ओलाव्याचे थेंब आणि केबिनऐवजी सावली. दाब उतरवायला टिमोलॉल आणि लॅटॅनोप्रोस्ट सुरू झालं. टिमोलॉलआधी दमा नाही ना आणि नाडी मंद नाही ना हे बघावं लागतं, ते बघितलं. उजवा डोळा थेंबांवर १६ पर्यंत आला. डाव्याचा पुरेसा उतरेना म्हणून शस्त्रक्रिया झाली, आता तो १३ वर आहे. गेलेली नजर परत आलेली नाही आणि येणार नाही. मोटरसायकल मुलाने ताब्यात घेतली आहे.

ते आता केळीच्या भराई शेडवर वजनकाट्यापाशी बसतात, घड मोजतात, गाडीत पानं नीट अंथरली का बघतात. पगार निम्म्याहून थोडा वर. दर तीन महिन्यांनी दाब मोजायला जळगावला जातात, बसने.

माझ्या बाजूने दोन बदल झाले. फॉर्म १-अ साठी येणाऱ्या प्रत्येकाला खिसा रिकामा करायला लावतो. आणि गुडघ्याला गुडघा लावून बसतो, दोन मिनिटं जातात. पहिल्या आठवड्यातच एजंट कुरकुरला. आता त्याची निम्मी माणसं दुसरीकडे जातात.

त्या दहा चाकीवर नवा चालक आहे. क्लीनर अजून नाही. त्या चालकाचा फॉर्म माझ्याकडे आलेला नाही.